ग्रंथालयाची पायरी

मुंबईतील एखाद्या मोठ्या ग्रंथालयाविषयी दोन माणसांना विचारावे आणि दोन अगदी उलट उत्तरे मिळावीत, हा अनुभव नवा नाही. एक जण सांगतो की, शंभर वर्षांपूर्वीच्या एका मासिकाचा अंक मागितला, तर तेथल्या वृद्ध कर्मचाऱ्याने तालिका न पाहता तो काढून दिला आणि त्याच विषयावरचे, विस्मरणात गेलेले आणखी एक पुस्तक आपण होऊन पुढे ठेवले. दुसरा सांगतो की, तासभर ताटकळत ठेवून 'पुस्तक जागेवर नाही' एवढेच उत्तर मिळाले. ते बांधणीला गेले आहे, हरवले आहे, की कोणा वजनदार सभासदाच्या घरी वर्षभर पडून आहे, हे सांगण्याची तसदी कोणी घेतली नाही. या दोघांचे ग्रंथालय एकच असू शकते आणि आठवडाही एकच असू शकतो. दोघेही खरेच बोलत असतात. तेव्हा कोणाचे खरे मानावे हा प्रश्नच नाही. सार्वजनिक म्हणविणाऱ्या संस्थेत नागरिकाला मिळणारी वागणूक त्याच्या नशिबावर इतकी अवलंबून का असावी, हा खरा प्रश्न आहे.

रेल्वेच्या तिकीटखिडकीवरचा कारकून गोड बोलेलच असे नाही. परंतु पैसे दिल्यावर तिकीट मिळते, आणि ते देणे न देणे त्याच्या मर्जीवर नसते. ग्रंथालयात देवघेवीच्या टेबलासमोर उभ्या राहिलेल्या माणसाला असा कोणता हक्क आहे? अनामत रक्कम ठेवून वर्गणी भरणाऱ्या सभासदाचा हक्क समजू शकतो. परंतु जो सभासद नाही, ज्याच्याजवळ प्राध्यापकाचे शिफारसपत्र नाही, आपल्याला नेमके कोणते पुस्तक हवे हेही ज्याला धड ठाऊक नाही, अशा माणसाचा या शहरातील ग्रंथसंपत्तीवर अधिकार कोणता? त्याला जे मिळते ते हक्काने मिळत नाही, सौजन्य म्हणून मिळते. सौजन्य माणसागणिक बदलते, आणि एकाच माणसाच्या ठायी सकाळ-संध्याकाळ निराळे असू शकते.

फोर्टमधील टाऊन हॉलचे, म्हणजे आताच्या नगर भवनाचे, उदाहरण या संदर्भात फार बोलके आहे. ही वास्तू १८३३ मध्ये पूर्ण झाली. तिच्या समोरच्या तीस पायऱ्या हे आज मुंबईकरांचे बसण्याचे एक आवडते ठिकाण झाले आहे. कचेऱ्या सुटल्यावर लोक तेथे टेकतात, विद्यार्थी गप्पा मारतात, लग्न ठरलेली जोडपी छायाचित्रे काढून घेण्यासाठी येतात, चित्रपटांची चित्रीकरणेही होतात. या गर्दीतले कितीजण त्या भव्य खांबांच्या ओळीपलीकडे गेले असतील, हे कोणी मोजले नसावे. जे जातात ते बहुधा भारावून परततात. उंच छत, वळणदार लोखंडी जिने, एल्फिन्स्टन आणि नाना शंकरशेट यांचे पुतळे, आणि दांतेच्या 'डिव्हाइन कॉमेडी'चे जुने हस्तलिखित याच छपराखाली आहे ही माहिती, एवढ्यावर कोणीही दिपून जावे. परंतु वास्तू पाहून भारावणे निराळे आणि तेथे बसून अर्धा दिवस वाचता येणे निराळे. पहिल्या गोष्टीसाठी पर्यटक होणे पुरते. दुसऱ्या गोष्टीसाठी आपण येथले आहोत असे वाटावे लागते.

ते वाटत नाही याला इतिहासही कारण आहे. सर जेम्स मॅकिंटॉश यांनी १८०४ मध्ये स्थापन केलेल्या ज्या लिटररी सोसायटीतून आजची एशियाटिक सोसायटी उभी राहिली, तिच्यात आरंभीच्या काळात एतद्देशीयांना स्थान नव्हते. १८४० मध्ये माणेकजी करसेटजी यांना सभासदत्व मिळाले, तेही विरोध ओलांडून. त्यानंतर काळ पार बदलला. डॉ. भाऊ दाजींसारख्यांनी ती संस्था आपलीशी केली. भारतरत्न पां. वा. काणे यांचा तिच्याशी दीर्घकाळ निकटचा संबंध राहिला. दुर्गाबाई भागवत तर वर्षानुवर्षे तेथे येऊन वाचत बसत. कोणत्याही विद्यापीठातील अध्यापकपद नसलेल्या एका विदुषीने केवळ ग्रंथालयाच्या आधारावर एवढे काम करावे, हा त्या ग्रंथालयाचाही गौरव आहे. तथापि काणे आणि दुर्गाबाई यांची नावे आपण ज्या अभिमानाने घेतो, त्या अभिमानातच एक फसगत दडलेली आहे. ग्रंथालय हे अशा असामान्यांसाठी असते, सामान्याने आपली पायरी ओळखून बाहेरच्या पायऱ्यांवर बसावे, असा एक न बोललेला समज त्यातून दृढ होतो.

याच इमारतीत राज्याचे मध्यवर्ती ग्रंथालय आहे आणि राज्याच्या ग्रंथालय संचालनालयाची कचेरीही आहे, ही गोष्ट पायऱ्यांवर बसणाऱ्या दहांपैकी नऊजणांना ठाऊक नसेल. १९५४ च्या कायद्यान्वये देशात प्रसिद्ध होणाऱ्या प्रत्येक पुस्तकाची प्रत प्रकाशकाने स्वखर्चाने चार ग्रंथालयांना पाठवावयाची असते : कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचे कॉनेमारा, दिल्ली सार्वजनिक ग्रंथालय आणि मुंबईतील हे मध्यवर्ती ग्रंथालय. सगळेच प्रकाशक हा नियम पाळत नाहीत हे खरे. तरीही कायद्याचा अर्थ स्पष्ट आहे. या देशात, कोणत्याही भाषेत छापले जाणारे पुस्तक मुंबईकराला आपल्या शहरात पाहावयास मिळाले पाहिजे, अशी तजवीज सत्तर वर्षांपूर्वी करून ठेवलेली आहे. एवढा मोठा अधिकार आपल्या नावावर आहे आणि त्याची वार्ताही आपल्याला नाही, अशी मुंबईकराची स्थिती आहे. ग्रंथ येतात, दाखल नोंदवहीत चढतात, फडताळात जातात. पुढे त्यांतील कित्येकांची कोणाशीच गाठ पडत नाही. डॉ. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची जी पाच सूत्रे मांडली, त्यांतील पहिलेच असे की ग्रंथ हे वापरासाठी असतात. इतकी साधी गोष्ट सूत्र म्हणून लिहून ठेवावी लागली, यावरूनच ती किती विसरली जाते हे ध्यानात यावे.

कर्मचाऱ्यांची बाजूही येथे ऐकली पाहिजे. वाचकाकडे संशयाने पाहण्याची सवय त्यांना उगाच लागलेली नाही. जुन्या ग्रंथांतली चित्रे पात्याने कापून नेणारे, संदर्भकोशांची पाने फाडणारे, पुस्तक दुसऱ्याला मिळू नये म्हणून ते भलत्याच कपाटात दडवून ठेवणारे महाभाग सुशिक्षितांतच असतात. दुर्मीळ नियतकालिकाचा खंड मागायचा, कागद ठिसूळ झाला आहे म्हणून छायाप्रत मिळणार नाही असे सांगितले की आवाज चढवायचा, हेही होते. मुंबईची दमट हवा, कसर आणि वाळवी यांच्याशी झुंजत शंभर-दीडशे वर्षांचा कागद टिकवून धरणारा माणूस थोडा खाष्ट झाला, तर त्याला फार दोष देता येणार नाही. किंबहुना प्रारंभी ज्या वृद्ध कर्मचाऱ्याचा उल्लेख केला तोच या व्यवस्थेचा खरा कणा असतो. त्याच्या डोक्यात जी तालिका असते ती कार्डांच्या कपाटात नसते आणि संगणकातही नसते. तो निवृत्त होतो तेव्हा ग्रंथालयातील काही पुस्तके जागेवर असूनही हरवतात. त्याच्या जागी नवा माणूस नेमला जाईल याची खात्री नाही, नेमलाच तर तो कंत्राटी असेल, आणि तो शिकून तयार होईपर्यंत त्याचे कंत्राट संपलेले असेल.

मराठी माणसाने ग्रंथांच्या बाबतीत जे उभे केले ते मात्र सरकारच्या तोंडाकडे पाहून उभे केले नाही. विनायक लक्ष्मण भावे यांच्या पुढाकाराने ठाण्यात १८९३ मध्ये मराठी ग्रंथसंग्रहालय निघाले, त्यापाठोपाठ १८९८ मध्ये मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय. त्याआधीचे नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० चे, पुण्याचे नगर वाचन मंदिर १८४८ चे. यांतील नावेच पाहावीत : वाचनालय, वाचन मंदिर, ग्रंथसंग्रहालय. ठाणे-मुंबईच्या संस्थापकांना मराठीत छापलेले प्रत्येक पुस्तक मिळवून जतन करावयाचे होते, म्हणून त्यांनी संग्रहालय हा शब्द निवडला, आणि त्या काळी ते अत्यंत अगत्याचे होते. ती दृष्टी नसती तर मराठीची दोलामुद्रिते, म्हणजे छपाईच्या बाल्यावस्थेतील ग्रंथ, रद्दीत गेले असते आणि शं. ग. दाते यांच्या 'मराठी ग्रंथसूची'सारखे अचाट काम करावयास आधार उरला नसता. त्या पिढीचे ऋण मान्य करूनही असे म्हणावे लागते की, संग्रह करणाऱ्याचा स्वभाव आणि वाचकाला घरात घेणाऱ्याचा स्वभाव एक नसतो. पहिल्याला पुस्तक बाहेर गेले की चैन पडत नाही, दुसऱ्याला ते कपाटात राहिले की चैन पडत नाही. आपल्या ग्रंथालयांत पहिला स्वभाव रुजला. दुसऱ्याची जोपासना करण्याचे काम वर्गणीवर चालणाऱ्या संस्थांकडून अपेक्षिणेही बरोबर नव्हते. ते काम शासनाचे आणि नगरपालिकांचे होते.

मधल्या काळात वाचकच बदलला. आज मुंबई-पुण्यातील कोणत्याही ग्रंथालयात सकाळी दरवाजा उघडण्यापूर्वी जी रांग लागते ती पुस्तके मागणाऱ्यांची नसते. ती स्पर्धापरीक्षांच्या उमेदवारांची असते. त्यांची पुस्तके त्यांच्या पिशवीत असतात. त्यांना हवी असते एक खुर्ची, डोक्यावर पंखा, पुरेसा उजेड, पिण्याचे पाणी, स्वच्छतागृह आणि शांतता. जुने सभासद यावर नाराज आहेत. ग्रंथालयाची अभ्यासिका झाली, कादंबरी चाळत बसायला जागा राहिली नाही, ही मुले आमच्या पुस्तकांना हातही लावत नाहीत, अशी त्यांची तक्रार असते. काही ठिकाणी स्वतःची पुस्तके आत आणण्यास बंदी आहे, काही ठिकाणी आणू देतात पण कृपा केल्यासारखी. मुलांची तक्रार नेमकी उलट आहे. बसण्याच्या जागेवरून उठवले जाते, दुपारी तासभर दिवे बंद होतात, मुलींनी स्वच्छतागृहासाठी जवळच्या उपाहारगृहात जावे अशी अपेक्षा असते.

या वादात आमची सहानुभूती मुलांकडे अधिक आहे. बी. डी. डी. चाळींतील खोली सुमारे १६० चौरस फुटांची. मुंबईतील लक्षावधी कुटुंबांनी पिढ्यान् पिढ्या तेवढ्याच जागेत, किंवा त्याहून कमी जागेत, संसार केले. अशा घरातल्या मुलाला पुस्तकाइतकीच, कदाचित पुस्तकाहून अधिक, टंचाई असते ती शांत कोपऱ्याची. डॉ. आंबेडकर परळच्या बी. आय. टी. चाळीतल्या दोन खोल्यांत वर्षानुवर्षे राहिले आणि पुढे दादरला 'राजगृह' बांधले ते मुख्यतः ग्रंथांना जागा हवी म्हणून. शाळकरी वयात चर्नी रोडच्या बागेत ते वाचत बसत आणि तेथेच त्यांच्यावर कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींची नजर गेली, ही हकीकत आपण शाळांतून मोठ्या भक्तीने सांगतो. त्या मुलाला वाचण्यासाठी बागेत का बसावे लागले, हा प्रश्न मात्र आपण विचारीत नाही. खुर्ची मागणारी आजची मुले त्याच बागेतून उठून आली आहेत. त्यांना ग्रंथालयात बसू दिले तर आज ना उद्या त्यांचा हात शेजारच्या कपाटाकडे जाईल. बाहेर ठेवले तर कधीच जाणार नाही.

हा तिढा सुटण्यासारखा नाही असेही नाही. चेन्नईत २०१० मध्ये अण्णा शताब्दी ग्रंथालय उभे राहिले. त्यात स्वतःची पुस्तके आणून वाचणाऱ्यांसाठी निराळा कक्ष आहे, मुलांसाठी निराळा विभाग आहे, अंधांसाठी ब्रेल विभाग आहे. पुढच्याच वर्षी, सरकार बदलल्यावर, त्या इमारतीत बालरुग्णालय करण्याचा घाट घातला गेला आणि मद्रास उच्च न्यायालयाला तो थांबवावा लागला, एवढे राजकारणही त्या ग्रंथालयाच्या वाट्याला आले. तरीही २०२३ मध्ये मदुराईत तशाच धर्तीचे दुसरे ग्रंथालय सुरू झाले. या औदार्याच्या मुळाशी एक रुक्ष गोष्ट आहे. मद्रास प्रांताने १९४८ मध्ये जो ग्रंथालय कायदा केला, त्यात मालमत्ताकराबरोबर ग्रंथालयासाठी वेगळा कर घेण्याची तरतूद होती. कर्नाटकाच्या १९६५ च्या कायद्यातही ती आहे. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ चा. त्यात असा कर नाही. आपण अनुदानाची पद्धत स्वीकारली : लोकांनी ग्रंथालय काढावे, सरकारने त्याची अ, ब, क, ड अशी वर्गवारी करून वर्षाला काही रक्कम द्यावी. त्यातून खेडोपाडी ग्रंथालयांचे जाळे पसरले हे नाकारता येत नाही. पण २०२२ मध्ये अनुदानात साठ टक्के वाढ झाली म्हणून शासनाने पाठ थोपटून घेतली, तेव्हा 'ड' वर्गाची रक्कम ३० हजारांवरून ४८ हजारांवर गेली, म्हणजे महिन्याला चार हजार रुपये. त्यात ग्रंथपालाचा पगार, पुस्तके, वृत्तपत्रे आणि विजेचे बिल. एवढ्या पैशांत माणसाने हसतमुखही असावे असे म्हणणे जरा जास्तच होईल.

कर देणाऱ्याला हक्क मागता येतो, हे कर बसविण्यातले खरे मर्म आहे. ज्या ग्रंथालयासाठी आपण दरवर्षी घरपट्टीबरोबर पैसे भरतो, तेथल्या कर्मचाऱ्याने 'तुम्ही सभासद आहात का' असे विचारले तर नागरिक त्याला उत्तर देऊ शकतो. अनुदानावर जगणारी संस्था सरकारची मिंधी आणि वाचक संस्थेचा मिंधा, अशी आपल्याकडची उतरंड आहे. सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये अमेरिकेहून बोर्डन यांना बोलावून बडोदे संस्थानात मोफत ग्रंथालये आणि फिरत्या ग्रंथपेट्या सुरू केल्या. त्या राजाला जे सुचले ते आपल्या लोकनियुक्त महापालिकांना शंभर वर्षांनंतरही सुचू नये याचे आश्चर्य वाटते. मुंबई महापालिकेच्या १८८८ च्या कायद्यात ग्रंथालये ही ऐच्छिक कर्तव्यांत मोडतात. रस्ते, पाणी, मलनिस्सारण ही आवश्यक कर्तव्ये, ग्रंथालय केले तर केले. महापालिकेने ठिकठिकाणी अभ्यासिका काढल्या आहेत, त्या उपयुक्तही आहेत, पण त्यांत बाके असतात, ग्रंथसंग्रह बेताचाच असतो. सव्वा कोटीच्या या शहरात कोणीही, काहीही न विचारता, आत जाऊन पुस्तक उचलावे असे महापालिकेचे एखादे मोठे ग्रंथालय पटकन डोळ्यांपुढे येत नाही. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात ७४ हजार कोटींहून अधिक रुपयांचा हिशेब मांडणाऱ्या महापालिकेने पैसे नाहीत असे म्हणणे तर शोभणारच नाही.

आता सर्व काही दूरध्वनीच्या पडद्यावर मिळते, मग इमारती कशाला, असा प्रश्न विचारणारे बरेच आहेत. एशियाटिक सोसायटीने 'ग्रंथसंजीवनी' या नावाने आपला दुर्मीळ संग्रह संगणकावर आणण्याचे जे काम केले आहे ते मोलाचे आहे, आणि त्यामुळे नांदेडच्या संशोधकाचा मुंबईचा हेलपाटा वाचू शकतो. परंतु पडद्यावर वाचायलाही शांत जागा लागते, आणि काय वाचावे हे सांगणारा माणूस लागतो. जो विद्वान आहे त्याला या दोन्ही गोष्टी अन्यत्र मिळतील. ज्याच्या घरी पहिल्यांदाच कोणी पदवीपर्यंत पोहोचले आहे त्याला त्या ग्रंथालयातच मिळू शकतात.

विधिमंडळाने १८८८ च्या कायद्यातील ग्रंथालये ऐच्छिक यादीतून उचलून आवश्यक यादीत घातली पाहिजेत आणि १९६७ च्या कायद्यात कराची तरतूद केली पाहिजे. या गोष्टी लगेच होतील असा आमचा भाबडा समज नाही. तथापि काही गोष्टींना ना कायदा लागतो ना अनुदान. अनेक ग्रंथालये कचेऱ्यांच्या वेळेत उघडी असतात आणि कचेऱ्यांबरोबर बंद होतात, म्हणजे नोकरी करणाऱ्याला ती रजा काढून पाहावी लागतात. आठवड्यातून दोन दिवस ती सकाळऐवजी दुपारी उघडून रात्री नऊपर्यंत ठेवता येतील. सभासद नसलेल्यासही कोणती दालने खुली आहेत, हे प्रवेशद्वाराशी ठळक मराठीत लिहिता येईल. टाऊन हॉलच्या पायऱ्यांवर बसणाऱ्यांना दिसेल असा एक फलक तेवढ्यासाठी लावला तरी चालेल. आणि 'पुस्तक जागेवर नाही' हे तोंडी उत्तर बंद करून, ते कोठे आहे व केव्हा मिळेल हे मागणीचिठ्ठीवर लिहून, खाली सही करून, ती चिठ्ठी वाचकाच्या हाती देण्याचा नियम प्रत्येक अनुदानित ग्रंथालयाला उद्यापासून लावता येईल.